तळपायासाठी नक्षी

माझ्या नणंदेला माझ्याकडे बघायचं असलं की त्या माझ्या कानामागे बघतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला, कडा तेवढ्या उरल्या. समोर धरलेला पेला दिसत नाही, पण दाराच्या फटीतून सटकणारं मांजर बरोबर दिसतं. नवख्या माणसाला वाटतं, बाई शिष्ट आहेत, नजरेला नजर देत नाहीत. शिष्ट त्या आहेतच, पण ते डोळे धड होते तेव्हापासून.

वन्सं एकतीस वर्षं वजनमापं तपासायच्या नोकरीत होत्या. बाजारात शिरल्या की दुकानदार काट्याची पारडी पुसायला लागायचे. लाच घेतली नाही, चहासुद्धा घेतला नाही, आणि घरातही कुणाला कधी हातचं राखून वागू दिलं नाही. माझं लग्न झालं त्या वर्षी मी त्यांच्यासाठी एक स्वेटर विणला होता. त्यांनी तो अंगाला लावला आणि म्हणाल्या, "डावी बाही दोन सुतं आखूड आहे. पण लोकर चांगली आहे." याला त्यांच्यात कौतुक म्हणतात, हे कळायला मला दहा वर्षं लागली.

मी फुटक्या फरश्यांच्या तुकड्यांपासून बागेत ठेवायच्या वस्तू करते. पक्ष्यांना पाणी ठेवायची परळं, कुंड्या, गोगलगायी, गवतात ठेवायचे रंगीत गोळे. मला कुणी शिकवलं नाही. पहिलं परळ पहिल्याच थंडीत दुभंगलं, दुसऱ्याचे तुकडे एकेक करून गळून पडले, तिसऱ्यात चिमणी बसली तेव्हा मी शेडमध्ये एकटीच रडले. फरश्यांच्या दुकानामागे फुटका माल टाकतात, तो मी पोत्याने आणते. वन्सं त्याला कपच्या म्हणतात आणि मला कपचीबाई. आमची घरं एकाच गल्लीत, मधे तीन दारं. माझा नवरा त्यांचा धाकटा भाऊ, पण त्यांचं येणंजाणं असतं ते माझ्याकडे, कारण नवरा त्यांना अजून घाबरतो.

हे सगळं सुरू झालं ते त्या पडल्या म्हणून.

त्यांच्या घरामागे लांबट बाग आहे आणि बागेच्या पार टोकाला नळ. नळाच्या डाव्या अंगाला पावसाचं पाणी वाहून जायला गुडघाभर खोल चर आहे. रोज सकाळी त्या नळाला पाइप लावून झाडांना पाणी घालतात. एके दिवशी नळ दोन पावलांवर असताना त्यांचा पाय चरात गेला. बरगडीला चीर पडली, कोपर सोललं. हे आम्हाला कळलं पाचव्या दिवशी, तेसुद्धा त्या चहाचा कप डाव्या हाताने उचलत होत्या म्हणून. मधल्या चार संध्याकाळी त्यांच्या मुलाचा रोजच्यासारखा फोन आला होता आणि चारही वेळा त्यांनी सांगितलं होतं, "सगळं ठीक."

भाचा सहा तासांचा प्रवास करून आला. तो विम्याच्या कंपनीत आहे. आई वजनं मोजायची, मुलगा धोके मोजतो. आवाज न चढवता तो म्हणाला, "आई, माझ्या घराजवळ एक वृद्धनिवास आहे. चांगली खोली मिळतेय. तीन आठवडे ते ती आपल्यासाठी ठेवतील. तिसऱ्या रविवारी संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय."

"नाही कळव."

"इतक्यात नाही. तीन आठवडे विचार कर."

"विचार काय करायचा? एकदा पाय घसरला तर माणसाला पेटीत भरायचं?"

"पेटीत नाही गं. खोलीला खिडकी आहे."

"खिडकीचं मी काय करू? मला चौकट दिसते, बाहेरचं दिसत नाही."

मी स्वयंपाकघरात कप विसळण्याचं नाटक करत होते. थोड्या वेळाने वन्संचा ऑफिसातला आवाज आला. "तिसऱ्या रविवारी तू येच. मागच्या दारापासून नळापर्यंत मी एकटी जाऊन दाखवते. कुणाचा हात नाही, कुणी हाक द्यायची नाही. गेले तर ही खोलीची गोष्ट पुन्हा काढायची नाही. नाही गेले तर मी बॅग भरते."

"काठी घे निदान."

"काठी मी आंधळी आहे एवढं जगाला सांगते. रस्ता कुठे आहे ते मला सांगत नाही."

भाचा गेल्यावर त्या माझ्या कानामागे बघत म्हणाल्या, "कपचीबाई, तू त्या गवतात ठेवायच्या चकत्या करतेस ना, पाय ठेवायच्या?"

"पायदगड. करते."

"किती लागतील?"

मी दोरी घेऊन मोजलं. सहा सरळ, मग लिंबाच्या झाडाशी वळण, पुढे पाच. "अकरा."

"कर मग. पायाला वाट कळली की झालं."

शेवटचं वाक्य मी ऐकलं, पण ऐकल्यासारखं मनात घेतलं नाही. माझं डोकं तोवर रंगांकडे गेलं होतं.

एक खरं सांगते. आमच्या कामात सपाटी म्हणजे अब्रू. तुकडे वरखाली झाले की बघणारा म्हणतो, हौशी काम. म्हणून चांगला पायदगड उलटा करतात. कागदावर चित्र काढायचं, तुकडे तोंड खाली करून खळीने चिकटवायचे, तो कागद साच्यात घालायचा आणि वरून सिमेंट ओतायचं. दोन दिवसांनी साचा पालथा केला आणि कागद भिजवून काढला की समोर आरशासारखी सपाट नक्षी. ही रीत मी स्वतः चुकत चुकत बसवली आहे आणि तिचा मला गर्व आहे. दहा दिवस मी जेवायला सोडून शेडबाहेर पडले नाही. वन्संना कडेकडेने थोडा रंग दिसतो म्हणून भडक रंग घेतले. मासा, पान, सूर्य, होडी, अकरा दगडांवर अकरा चित्रं. फटी पांढऱ्या सिमेंटने भरून, पुसून, इतक्या सारख्या केल्या की वरून नख फिरवलं तर अडकणार नाही. नवरा बघायला आला आणि म्हणाला, "हे पायाखाली घालायचे? भिंतीवर लाव." मला गुदगुल्या झाल्या.

बुधवारी सकाळी आम्ही ते बागेत मांडले. वन्संनी चपला काढल्या, पहिल्या दगडावर उभ्या राहिल्या, मग दुसऱ्यावर. मग थांबल्या.

"हे कोणतं चित्र?"

"पान. आणि तुमच्या मागे मासा."

त्यांनी तळपाय सावकाश फिरवला. टाच, चवडा, अंगठा. परत मागच्या दगडावर गेल्या, तिथेही तसंच केलं.

"छान असेल मासा," त्या म्हणाल्या. "माझ्या पायाला दोन्हीकडे ताटली लागली."

मी वाकून पानावर नख फिरवून बघितलं; कुठेच अडकलं नाही.

"अगं, तोंड का पडलं तुझं? दिसत नाही, पण श्वास कळतो मला. काम चोख आहे, एक सूतभर फरक नाही. पण मला फरकच हवा होता ना?" त्या पुढच्या दगडाकडे निघाल्या. गवतावर दव होतं, काचेसारख्या फरशीवरून टाच सरकली आणि मी धावून त्यांना धरलं. त्यांनी माझा हात लगेच झटकला नाही, यावरून काय ते मी समजले.

दहा दिवस मी अशा बाईसाठी चित्रं काढली होती जिला चित्र दिसत नाही, आणि मला ते एकदाही खटकलं नव्हतं. डोळसपणा असा अंगाशी येतो. मी घरी गेले आणि शेडचं दार लावून तासभर पोत्यावर बसून राहिले.

दुपारी दार वाजलं. वन्सं होत्या. तीन घरांची भिंत चाचपत आल्या होत्या. "रडून झालं असेल तर उठ," त्या म्हणाल्या. "तुझ्या त्या कपच्या माझ्या हातात दे. काय काय माल आहे ते बघू."

मग आमच्या शेडमध्ये तपासणी सुरू झाली. मी एकेक वस्तू त्यांच्या पायाखाली ठेवायची, त्या स्टुलावर बसून निकाल द्यायच्या. नदीतले गोटे: "हे चालतील." बाटल्यांचे बूड: "थंड लागतात, ओळखू येतात. ठेव." फरशीची खरखरीत पाठ: "ही तू रोज लपवतेस? हीच तर कामाची." कपांच्या कडा: "नको, बोचते." उभ्या लावलेल्या फरशीच्या पट्ट्या, शेतातल्या सऱ्यांसारख्या: इथे त्या जरा जास्त वेळ थांबल्या. "पट्ट्या ज्या बाजूला जातात, त्या बाजूला मी जायचं. असं करता येईल?"

"येईल."

"मग तसं कर. प्रत्येक दगडाने पुढचा कुठे आहे ते सांगायला हवं."

ही सरळ रीत, साचा आधी सिमेंटने भरायचा आणि तुकडे वरून हाताने दाबत जायचे. तासाभरात सिमेंट घट्ट होतं, तेवढ्यात जे होईल ते होईल. नवशिक्यांची रीत म्हणून मी ती कधीच सोडून दिली होती. गुरुवारपासून वन्सं रोज यायला लागल्या. मी घमेल्यात माल कालवायची, त्या रबरी हातमोजे घालून गोटे दाबायच्या. थोड्या वेळाने त्यांनी मोजे काढून टाकले. मी ओरडले, "वन्सं, सिमेंट हात खातं!"

"मोज्यातून मला काही दिसत नाही," त्या म्हणाल्या.

मी कामानंतर त्यांचे हात धुऊन देऊन तेल चोळायची. कुणी तेल लावून द्यायची त्या हातांना सवय नसावी. बोटं आधी ताठ असायची, मग हळूहळू सैल पडायची. एकदा तेल चोळता चोळता त्या म्हणाल्या, "त्या चरात मी किती वेळ होते माहीत आहे? ऊन पाठीवरून डोक्यावर आलं तोवर."

"हाक का नाही मारली?"

"मारली असती तर कुणीतरी आलं असतं."

मी त्यांचा दुसरा हात चोळायला घेतला.

साचे माझ्याकडे चार. ओतलेला दगड दोन दिवस साच्यात ठेवायचा, मग गोणपाटात गुंडाळून चार दिवस पाणी पाजायचं. लोकांना वाटतं सिमेंट वाळतं. ते वाळत नाही, पाणी पिऊन पिऊन कडक होतं. घाई केली तर पायाखाली बिस्किटासारखं फुटतं. माझा हिशेब होता की रविवारपर्यंत सगळे अकरा उभे राहण्याइतके होतील. पण वन्संनी शेवटचे दोन नापास केले. "हा दहावा आणि तो सातवा पायाला एकच लागतात. अकराव्याच्या पट्ट्या नळाकडे जात नाहीत, नळाच्या पलीकडे जातात."

"वन्सं, अर्ध्या बोटाचा फरक आहे."

"अर्ध्या बोटाने मी चरात गेले होते."

मी ते दोन पुन्हा ओतले. तो वार शुक्रवार होता.

रविवारी सकाळी बागेत नऊ दगड पक्के बसलेले होते आणि माझ्या शेडमध्ये दोन दगड ओल्या गोणपाटाखाली होते. मी सुचवलं की जुन्या सपाट दगडांतले दोन तिथे तात्पुरते टाकू. "मुके दगड नकोत," त्या म्हणाल्या. "नऊ दगडांनंतर दोन पावलं. तेवढी मी झोपेतही चालेन." नवऱ्याने मला डोळ्यांनी विचारलं, मी खांदे उडवले. तीच दोन पावलं होती ती.

भाचा दहा वाजता आला. त्याने दगड पाहिले, वाकून एकावर हात फिरवला. "मामी, हे तू केलंस? तुझं काम तर किती गुळगुळीत असतं."

"हे तुझ्या आईचं आहे. मी नुसतं सिमेंट कालवलं."

तो हसला, पण त्याचा चेहरा रात्रभर न झोपलेल्या माणसाचा होता. फोन त्याने हातातच धरला होता. मी नळाजवळ उभी राहिले, तो मागच्या दाराशी. नवरा घरात गेला, त्याला बघवणार नव्हतं.

वन्सं अनवाणी निघाल्या. पहिला दगड, दुसरा, तिसरा. प्रत्येकावर अंगठा जरा फिरायचा आणि पाऊल पुढे पडायचं. चाचपत नव्हत्या, चालत होत्या. लिंबाशी पट्ट्या उजवीकडे वळतात, त्याही वळल्या. सातवा, आठवा, नववा. मला वाटलं, झालं. मग त्यांनी उजवा पाय उचलला आणि तो खाली येताना डावीकडे सरकायला लागला. चराकडे.

मी खोकले.

ठरवून नाही, पण चुकूनही नाही. त्यांचा पाय हवेतच वळला, आवाजाच्या बाजूला आला, एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि त्यांचा हात नळावर पडला. मागे भाच्याने मोठ्याने श्वास सोडला. "आई! गेलीस की गं!"

वन्संनी नळ सोडला नाही. हात तसाच ठेवून म्हणाल्या, "हे हिशेबात धरू नकोस."

"म्हणजे?"

"खोकलं कोण?"

मी नळापासून एक पाऊल मागे सरकले.

"पारड्याखाली अंगठा लावून तोललेलं मी एकतीस वर्षं कुणाचं चालू दिलं नाही," त्या माझ्या बाजूला वळून म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "आता माझ्यासाठी चालू देऊ? मला दारापाशी ने. तू तिथेच थांब, माझ्या मागे. तोंडावर हात ठेव हवा तर."

मी त्यांना हात धरून परत आणलं. भाचा म्हणाला, "आई, जाऊ दे ना, पाहिलं मी." त्यांनी ऐकलं नाही.

दुसऱ्यांदा त्या तशाच गेल्या, कदाचित थोड्या हळू. नवव्या दगडावर पोचल्या. मी आणि भाचा दाराशी, दोघांचीही बोटं दाराच्या चौकटीवर. वन्संनी उजवा पाय उचलून पुढे टेकवला, माती लागली, तो परत घेतला. डावा पुढे केला, तोही परत घेतला. मग दोन्ही पाय दगडावर ठेवून उभ्या राहिल्या. कुठूनतरी एक पक्षी ओरडत होता आणि मी मनात म्हणत होते, ओरड बाबा, नळावर बसून ओरड. तो शेजारच्या छपरावर होता.

किती वेळ गेला सांगता येत नाही. त्यांची पाठ अगदी ताठ होती. फ्रॉकमधल्या मुलीला वर्गात उभं केलं की ती अशी उभी राहते.

मग त्या म्हणाल्या, "इथून पुढे मला येत नाही."

हे त्या कुणाला उद्देशून म्हणाल्या नाहीत. समोर झाडं होती, त्यांना ऐकू जाईल इतक्याच आवाजात. मी त्यांच्या घरात सव्वीस वर्षं वावरतेय. 'येत नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. माझ्या डोळ्यांपुढे खोलीची खिडकी आली, भरलेली बॅग आली.

भाचा दारातून निघाला. दगडांवर पाय न देता बाजूच्या गवतातून चालत गेला आणि आईच्या शेजारी उभा राहिला.

"पडलीस तेव्हा हे का नाही सांगितलंस?"

"तेव्हा कुणी विचारलं नाही."

"मी विचारलं होतं. चार दिवस, रोज संध्याकाळी."

पुन्हा तो पक्षी ओरडला.

"हो," त्या म्हणाल्या. "विचारलं होतंस. मी खोटं सांगितलं. चारही दिवस."

"मला खड्ड्याची भीती नाही वाटत गं आई," तो म्हणाला, आणि इतकी वर्षं धोके मोजणाऱ्या त्या माणसाचा आवाज फाटला. "खड्डा बुजवता येतो. तू फोनवर ठीक म्हणालीस की मला काहीच कळत नाही. मी तिकडे बसून तुझ्या 'ठीक'चं काय करू?"

वन्संनी दोन्ही हात साडीला पुसले, जणू त्यांना अजून सिमेंट लागलेलं होतं. मग म्हणाल्या, "यापुढे जे असेल ते सांगेन. पूर्ण तोलून."

"नक्की?"

"आत्ता सांगितलं ना?"

मग त्याने फोन कानाला लावला. तिथेच, दगडाशेजारी, आईला सगळं ऐकू जाईल असा. आपलं नाव सांगितलं, खोलीचा क्रमांक सांगितला. "नाही, नकोय. दुसऱ्या कुणाला द्या... नाही, मुदत वाढवू नका... हो, विचार करूनच सांगतोय." फोन खिशात टाकला आणि विचारलं, "ते उरलेले दगड कधी बसणार?"

"शुक्रवारी," वन्सं म्हणाल्या. "कपचीबाईला विचार. तिचं सिमेंट फार पाणी पितं."

"शुक्रवारपर्यंत नळाकडे एकटी जाणार नाहीस?"

"नऊ दगडांपर्यंत जाईन. पुढे कुणाचा तरी हात घेईन." हे बोलायला त्यांना किती जड गेलं असेल ते त्यांच्या मानेच्या शिरेवरून मला दाराशी उभं राहून दिसत होतं. "आत्ता तू आहेस. डावा हात धर. उजव्याने मला नळ सोडायचाय."

दोघं मातीवर उतरले. त्याने बूट घातलेले होते, त्या अनवाणी. त्याने पाऊल टाकलं की त्या टाकायच्या, मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तू मला ओढू नकोस. मी तुझा हात धरलाय, तू माझा धरलेला नाहीस." त्याने हात सैल सोडला.

मी तिथून निघाले. डोळे भरून आले होते आणि ते वन्संना कडेने दिसलं असतं. शिवाय शेडमधल्या त्या दोन दगडांचं दुपारचं पाणी राहिलं होतं. गल्लीत मला मागून पाइपचा आवाज आला, आधी फुसफुस हवा आणि मग धार. मी शेडचं दार उघडलं, बादली भरली आणि गोणपाटावर ओंजळीने पाणी शिंपडत बसले, कापड काळं होईपर्यंत.